काचेवरचा हिमालय आणि एक लाल झगा

नभोवाणीवरून चित्राविषयी बोलायचं म्हणजे थोडी पंचाईतच असते. मी सांगणार रंगांबद्दल, आणि तुमच्यासमोर पडदा नाही. पण ज्या चित्रपटाबद्दल आज बोलायचं ठरवलं आहे, त्याच्या कर्त्यांपुढची पंचाईत याहून मोठी होती. त्यांना हिमालय दाखवायचा होता, आणि ते हिमालयात गेलेच नाहीत.

१९४६ साली लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत 'ब्लॅक नार्सिसस' या इंग्रजी चित्रपटाचं चित्रीकरण झालं. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर ही जोडी त्याची कर्ती. गोष्ट सगळी हिंदुस्थानातली. त्यामुळे युनिटमधल्या मंडळींनी मनातल्या मनात बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. पॉवेलनं सांगितलं, कुठंही जायचं नाही, सगळं इथंच करायचं. त्याचं म्हणणं असं, की थोडं खऱ्या डोंगरात आणि थोडं स्टुडिओत चित्रित केलं, तर दोन्हींचे सांधे दिसतील. वारा, ऊन, सावली, रंग हे सगळं आपल्या मुठीत हवं असेल तर छपराखालीच राहिलं पाहिजे.

हा निर्णय खर्च वाचवण्यापुरता नव्हता. चित्रपटात एखादी गोष्ट शब्दांनी न सांगता चौकटीच्या मांडणीतून आणि रंगातून कशी सांगता येते, हे पाहायचं असेल तर मला या चित्रपटाइतका सरळ धडा दुसरा माहीत नाही. खऱ्या जागेवर कॅमेरा लावला की आयतं बरंच काही मिळतं. इथं आयतं काहीच नव्हतं. पडद्यावर जे दिसतं, ते कुणीतरी ठरवून तिथं ठेवलेलं आहे.

कथा थोडक्यात सांगतो. रूमर गॉडन या इंग्रज लेखिकेच्या १९३९ सालच्या कादंबरीवर चित्रपट बेतलेला आहे. कलकत्त्याच्या मठातून पाच इंग्रज नन हिमालयात मोपू नावाच्या ठिकाणी शाळा आणि दवाखाना चालवायला जातात. तिथल्या जहागीरदाराने त्यांना जो वाडा दिलेला असतो, तो एके काळी त्याच्या घराण्यातल्या राखलेल्या बायकांचा वाडा. भिंतींवर अजून शृंगारचित्रं आहेत. वारा एक क्षण थांबत नाही. वाड्याच्या टोकाला कड्यावर एक घंटा आहे आणि घंटेखाली हजारो फूट दरी. प्रमुख नन सिस्टर क्लोडा, म्हणजे डेबोरा कर. आजारी, चिडखोर, मनाने विस्कटत जाणारी सिस्टर रूथ, म्हणजे कॅथलीन बायरन. जहागिरीचा कारभार पाहणारा इंग्रज मिस्टर डीन जाऊन येऊन असतो. एकेका ननच्या मनात जुन्या आठवणी उसळू लागतात. फ्लोरा रॉबसनची वयस्क सिस्टर फिलिपा भाजीच्या वाफ्यात फुलं लावून बसते. शेवटी रूथ मठ सोडते, डीनकडे जाते, तो तिला नाकारतो, आणि ती पहाटे घंटेपाशी क्लोडाला दरीत ढकलायला येते.

आता हा हिमालय केला कसा? कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंग हा मूळचा जर्मन, तिथल्या स्टुडिओंत तयार झालेला. त्याने डोंगरांची काळी-पांढरी छायाचित्रं प्रचंड मोठी करून घेतली आणि त्यांवर रंगीत खडूंनी रंग भरला. हे झाले वाड्याच्या कमानींमधून दिसणारे डोंगर. दरीची भयानक खोली पर्सी डे या म्हाताऱ्या चित्रकाराची. सेटवर घंटा, तिचा चौथरा आणि थोडी जमीन एवढंच खरं. उरलेला कडा, खालचं जंगल, तळातलं धुकं हे त्याने रंगवलं, आणि चित्र व सेट एकाच चौकटीत बेमालूम जोडले. झाडीची दृश्यं घेतली ससेक्स परगण्यातल्या लेनर्ड्सली नावाच्या बागेत. तिथे हिमालयातली झाडं, ऱ्होडोडेंड्रॉन वगैरे आणून लावलेली होती. गावकरी म्हणून गर्दीत दिसतात ती बरीचशी माणसं लंडनच्या गोदी भागातून गोळा केलेली.

घंटेचा तो शॉट एकदा तरी पाहाच. कॅमेरा वरून खाली पाहतो. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई दोर ओढते आहे, आणि तिच्या पायापासून वीतभर अंतरावर जमीन संपते. चौकटीचा निम्म्याहून जास्त भाग पोकळीने व्यापलेला आहे. दिवसातून कितीतरी वेळा करायचं साधं काम, घंटा वाजवणं. पण माणूस चौकटीत कुठे उभा केला आहे एवढ्यावरून आपल्याला कळतं, की या बायकांचं सगळं व्रत किती अरुंद जागेवर उभं आहे. यावर एक अक्षर कुणी बोलत नाही.

रंगांकडे वळण्याआधी टेक्निकलर म्हणजे काय होतं हे सांगायला हवं, कारण त्याशिवाय छायालेखकाने काय केलं ते कळायचं नाही. आज आपण रंगीत चित्रण हे गृहीत धरतो. त्या काळच्या टेक्निकलर कॅमेऱ्यात एक लोलक असे. भिंगातून आलेला प्रकाश त्यात विभागला जाई, आणि लाल, हिरवा व निळा असे तीन वेगळे आलेख तीन काळ्या-पांढऱ्या फितींवर एकाच वेळी उमटत. मग प्रयोगशाळेत त्यांवरून साचे करून, एकावर एक रंगद्रव्यं छापून अंतिम प्रत तयार होई. थोडक्यात, कॅलेंडर छापतात तसाच प्रकार. प्रकाश इतका विभागला जाई, की सेटवर दिव्यांचा डोंगर लागे आणि नटनट्या घामाने निथळत. पूर्ण लांबीचा पहिला असा कथाचित्रपट म्हणजे १९३५ चा 'बेकी शार्प'. कॅमेरे कंपनीच्या मालकीचे, ते भाड्याने मिळत, आणि कॅमेऱ्याबरोबर कंपनीचा रंग-सल्लागारही येई. कुठला पडदा चालेल, कुठला झगा चालणार नाही, हे तो सांगे. रंग नैसर्गिक वाटले पाहिजेत, डोळ्यांवर येता कामा नयेत, असा त्यांचा दंडक होता.

या दंडकाशी ज्याची जुंपली तो छायालेखक जॅक कार्डिफ. नाटकमंडळीत काम करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, शाळा बेताची. १९३६ च्या सुमारास टेक्निकलर कंपनीला इंग्लंडमधून एक कॅमेरामन निवडून तयार करायचा होता. बाकीच्या उमेदवारांना भिंगांची आणि रसायनांची गणितं विचारली. कार्डिफने सांगून टाकलं, की मला त्यातलं फारसं येत नाही, पण मी चित्रं पाहतो, घरात आणि बाहेर प्रकाश कुठून कसा पडतो ते पाहत असतो. त्यांनी रेम्ब्रांटच्या चित्रांतल्या प्रकाशाबद्दल विचारलं. नोकरी त्याला मिळाली. पुढे १९३८ च्या सुमारास प्रवासपटांच्या एका मालिकेसाठी तो तोच जड कॅमेरा घेऊन हिंदुस्थानात येऊन गेला. इथली देवळं, खेडी, इथलं ऊन त्याने रंगांत टिपलं होतं. मला ही गोष्ट फार मजेची वाटते. पाइनवुडच्या छपराखाली हिंदुस्थान उभा करणाऱ्या या माणसाने खरा हिंदुस्थान त्याच फितीवर आधीच पाहिलेला होता. त्याची नक्कल करायची नाही, हे तो समजून उमजून ठरवत होता.

'ब्लॅक नार्सिसस'मध्ये पहिला रंग आहे पांढरा. पांढऱ्याला रंग म्हणावं का, हा वाद चित्रकारांवर सोडू. ननचे झगे अगदी पांढरेशुभ्र नाहीत, किंचित पिवळसर, ओटाच्या पिठासारखे. केस, कान, मान सगळं झाकलेलं. उरतो फक्त चेहऱ्याचा लंबगोल. म्हणजे मोठ्या चौकटीच्या आत प्रत्येक बाईला स्वतःची एक छोटी चौकट दिलेली आहे, आणि त्यात डोळे व ओठ एवढंच हलतं. सुरुवातीला कलकत्त्याच्या मठात मदर सुपीरियर क्लोडाला नवी जबाबदारी सांगते, तेव्हा त्या दोघी वरून खाली जेवणघरात पाहतात. टेबलाशी रांगेने बसलेल्या पांढऱ्या आकृती दिसतात. सरळ रेषा, थंड उजेड, सगळं जागच्या जागी. मोपूला गेल्यावर या रेषा मोडतात. वाऱ्याने पडदे आणि पदर उडत राहतात, भिंतींवर निळाई आणि हिरवाई चढते. झगे मात्र तेच. बदलत्या रंगांच्या समोर न बदलणारा पांढरा ठेवला, की त्या पांढऱ्यावरचा ताण आपोआप दिसू लागतो. कार्डिफने उजेड खिडकीतून बाजूने आणला, व्हर्मेर या डच चित्रकाराच्या चित्रात येतो तसा, आणि सावल्यांमध्ये हलकी हिरवी झाक सोडली. रूथच्या चेहऱ्यावर ती झाक बरी दिसत नाही. दिसू नये अशीच योजना आहे.

आणि मग लाल. सुरुवातीच्या भागात लाल रंग जणू कुलपात ठेवलेला आहे. तो पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो असा: रूथ धावत आत येते. दवाखान्यात आलेल्या एका बाईचा रक्तस्राव तिने थांबवला आहे. झग्यावर रक्ताचे डाग, आणि चेहऱ्यावर काहीतरी पराक्रम केल्याचा आनंद. क्लोडा तिला थंडपणे सांगते, की आधी दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला हवं होतं. प्रसंग म्हटलं तर साधा, पण पांढऱ्यावर लाल पडलेला आपण पाहिला, आणि त्या लालाबरोबर रूथचे चमकणारे डोळे पाहिले. ही जोडी मनात नोंदली जाते.

पुढे बराच वेळ दिग्दर्शक या नोंदीला हात लावत नाही. मधल्या काळात इतर रंग येऊन जातात. क्लोडाच्या आठवणीतलं हिरवंगार आयर्लंड आणि तिच्या आजीचे पाचूचे डूल. साबूने केलेल्या तरुण जनरलचा किनखाब, त्याचे दागिने, आणि त्याचं ते लंडनहून मागवलेलं अत्तर, ज्याचं नाव चित्रपटाला मिळालं. (हा साबू मूळचा म्हैसूर संस्थानातला, माहुताचा मुलगा. १९३७ च्या 'एलिफंट बॉय'ने त्याला जगभर नेलं.) हे सगळे रंग मोहाचे आहेत, पण ते दुसऱ्याच्या अंगावरचे आहेत. ननच्या अंगावर अजून काही चढलेलं नाही.

मग ती रात्र. क्लोडा रूथच्या खोलीत जाते आणि रूथ समोर उभी. केस मोकळे, आणि अंगात गडद लाल झगा. टपालाने गुपचूप मागवलेला. तिने यंदा व्रताचं नूतनीकरण केलेलं नाही, त्यामुळे तिला जायला मोकळीक आहे. क्लोडा म्हणते, सकाळपर्यंत थांब. दोघी समोरासमोर बसतात. मध्ये मेणबत्ती. क्लोडा धर्मग्रंथ उघडते. रूथ लालीची कांडी काढते आणि ओठ रंगवू लागते. कॅमेरा ओठांच्या इतका जवळ जातो, की पडद्यावर दुसरं काही उरत नाही. एका बाजूला पुस्तक, एका बाजूला लाली. इतकी साधी मांडणी कागदावर वाचली तर बाळबोध वाटेल. पण तोवर तासाहून अधिक वेळ आपल्याला बायकांच्या अंगावर लाल रंग दाखवलेला नाही, म्हणून ते दोन ओठ पडद्यावर शस्त्रासारखे दिसतात.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा चित्रपट मी घरी माझ्या आत्याबरोबर डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. तिला इंग्रजी बेताचंच येतं. मला वाटलं होतं, लाल झग्यात रूथ आली की आत्या म्हणेल, नवरी दिसतेय. आपल्याकडे लाल म्हणजे कुंकू, शालू, सौभाग्य. आत्या बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आमच्या सोवळ्या काकूचं आलवण हुबेहूब याच रंगाचं होतं."

आलवण हा शब्द आता तरुण श्रोत्यांना समजावून सांगावा लागेल. ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवा बायका जे तांबडं लुगडं नेसत, ते आलवण. म्हणजे एकाच घरात, एकाच लाल रंगाने एकीच्या कपाळावर सौभाग्य सांगितलं आणि दुसरीच्या अंगावर वैधव्य. पाइनवुडमधल्या त्या इंग्रज मंडळींना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण आत्याच्या त्या एका वाक्याने मला पुस्तकांतून मिळालेल्या तक्त्यांविषयी कायमचं साशंक केलं. लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे मत्सर, असे तक्ते चित्रपटावरच्या पुस्तकांतून छापलेले असतात. रंगाला असा कोश नसतो. तो कुणाशेजारी ठेवला, किती वेळ अडवून धरला आणि कोणत्या क्षणी सोडला, यावर तो काय बोलेल ते ठरतं. रूथचा लाल भयंकर वाटतो तो क्लोडाच्या पांढऱ्यामुळे. तोच झगा लंडनच्या एखाद्या मेजवानीच्या दृश्यात कुणाच्या लक्षातही आला नसता.

पुढचा प्रवास वेगाने होतो. डीन तिला नाकारतो तेव्हा रूथच्या डोळ्यांसमोर लाली पसरते, आणि ती आपल्याही डोळ्यांसमोर पसरते. अख्खा पडदा लाल होतो. म्हणजे झग्यावरचा डाग, मग झगा, मग ओठ, आणि आता संपूर्ण चौकट. मग पहाट. कार्डिफने इथे धुकट चित्र देणारा फिल्टर भिंगासमोर लावला. कंपनीच्या तज्ज्ञांनी बजावलं, की टेक्निकलरमध्ये हे चालायचं नाही. पॉवेलने कार्डिफची बाजू घेतली. पहाटेच्या फिकट गुलाबी उजेडात दार उघडतं आणि रूथ दिसते. केस ओले, चेहरा मातकट, डोळ्यांच्या कडा लालभडक. आता लाल बाहेर कपड्यावर उरलेला नाही, डोळ्यांत गेला आहे.

हा शेवटचा भाग पॉवेलने उलट्या पद्धतीने केला. ब्रायन ईझडेलने संगीत आधी रचलं, आणि सेटवर ते वाजवून त्याच्या मात्रांवर नट्यांच्या हालचाली आणि कॅमेरा बसवला. संवाद जवळजवळ नाहीतच. घंटेपाशी झटापट होते, रूथचा तोल जातो. सुरुवातीला आपल्याला चौकटीतली जी पोकळी दाखवून ठेवली होती, तीच तिला गिळते. १९४८ साली कार्डिफला छायालेखनाचं आणि युंगला कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. अमेरिकेत मात्र कॅथलिक संघटनेच्या आक्षेपावरून क्लोडाच्या आठवणींची दृश्यं कापावी लागली. लाल झगा राहिला आणि हिरवं आयर्लंड गेलं. सेन्सॉर मंडळींना रंग कधी कळत नाहीत, हे सगळीकडचंच दुखणं.

इतकं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही बोलायला हवी. या चित्रपटातला हिंदुस्थान खोटा आहे, आणि तो नुसता काचेवर रंगवलेला असल्यामुळे खोटा नाही. कांची नावाच्या पहाडी मुलीचं काम जीन सिमन्सने तोंडाला तपकिरी रंग फासून केलं. गावकरी भाबडे, गर्दी करणारे, भिणारे. एक साधू डोंगराकडे तोंड करून बसलेला, तो बोलतच नाही. इथली माणसं, इथला वारा, इथले रंग ही सगळी त्या इंग्रज बायकांच्या मनातली भीती आहे. पडद्यावर जे दिसतं ते हिमालयाचं चित्र नव्हे, हिमालयाला पाहून बिचकलेल्या मनाचं चित्र आहे. एवढं कबूल केलं, की मग चित्रपट पाहायला हरकत नाही. स्वतः रूमर गॉडनला मात्र तो अजिबात आवडला नाही. तिचं बालपण पूर्व बंगालात नारायणगंजला गेलेलं. तिच्या मते ही सगळी नकली मांडामांड होती.

म्हणूनच तिच्या दुसऱ्या कादंबरीचं काय झालं, हे या गोष्टीला जोडून सांगावंसं वाटतं. 'द रिव्हर' ही तिची १९४६ सालची छोटी कादंबरी, बंगालात नदीकाठी वाढणाऱ्या इंग्रज मुलीची. ती हाती घेतली फ्रेंच दिग्दर्शक जाँ रन्वारने. चित्रकार रन्वारचा हा मुलगा. पैसे उभे केले लॉस एंजेलिसच्या केनेथ मॅकेल्डाउनी या फुलांच्या व्यापाऱ्याने. रन्वारने अट घातली, की चित्रीकरण हिंदुस्थानातच होईल. पटकथा त्याने गॉडनबरोबर बसून लिहिली. हुगळीच्या काठावर बराकपूरजवळ तोच अवजड टेक्निकलर कॅमेरा आला. छायालेखक त्याचा पुतण्या क्लोद रन्वार. चित्रित केलेल्या फिती धुण्यासाठी लंडनला जात, त्यामुळे आज घेतलेलं चित्र कसं आलं हे कळायला बरेच दिवस जात. १९५१ साली चित्रपट पूर्ण होऊन व्हेनिसला गेला. गंमत म्हणजे एस्मंड नाइट हा नट दोन्हींत आहे. तिकडे जहागीरदार, इकडे ताग गिरणीतला इंग्रज बाप.

रन्वारचं निरीक्षण असं होतं, की उष्ण प्रदेशांत रंग स्वच्छ असतात. हिरवा हा हिरवा आणि लाल हा लाल, मधल्या झाका कमी. म्हणून बंगाल टेक्निकलरला मानवतो. 'द रिव्हर'ची सुरुवात तांदळाच्या पिठाने जमिनीवर आलपना काढणाऱ्या हातापासून होते. बंगालची आलपना म्हणजे आपल्या रांगोळीची बहीणच. माणसं बहुतेक वेळा मध्यम अंतरावर, घाटाच्या पायऱ्यांवर, झाडाखाली, मागे नदी आणि होड्या. कड्याच्या टोकावर कुणी उभं नाही. दुपारी सगळं घर झोपलेलं असताना कॅमेरा एकेका झोपलेल्या माणसाकडे सावकाश जातो, आणि त्याच शांततेत नागाच्या दंशाने घरातला मुलगा गेलेला असतो. ना पडदा लाल होतो, ना वारा सुटतो. हिरवी झाडं तशीच हिरवी राहतात. मला विचाराल तर हा शॉट घंटेच्या शॉटइतकाच कठोर आहे.

या चित्रपटातही लाल आहे. मुलीने रचलेल्या गोष्टीतल्या नवरीच्या अंगावर आहे, आणि वसंतातल्या गुलालात आहे. पण तो इतर रंगांच्या सोबतीने येतो, पिवळ्या झेंडूबरोबर, नदीच्या करड्या पाण्याबरोबर. तो कुणाला घाबरवत नाही. लेखिका तीच, कॅमेऱ्याची जात तीच, देश तोच. मांडणी बदलली आणि रंगाचं बोलणं बदललं.

या चित्रीकरणाला आणखी एक फळ लागलं, हे सगळ्या चित्रपटप्रेमींना माहीत असतं. जाहिरात कंपनीत नोकरी करणारे सत्यजित राय रन्वारला जागा दाखवायला जात. सुब्रत मित्र नावाचा तरुण मुलगा रोज सेटच्या कडेला उभा राहून दिव्यांच्या जागांची टिपणं काढत असे. बन्सी चंद्रगुप्त कलादिग्दर्शन विभागात मदतीला होते. हेच तिघं पुढे १९५५ मध्ये 'पथेर पांचाली' घेऊन आले. रंगीत चित्रपटाच्या सेटवरून ते शिकून निघाले आणि त्यांनी काळा-पांढरा चित्रपट केला. पैसे नव्हते हे खरंच. पण चौकटीत माणूस कुठे उभा करायचा आणि उजेड कुठून आणायचा, ही विद्या रंगावर अवलंबून नसते. आपल्या 'प्रभात'चा १९३७ चा 'कुंकू' आठवा. ज्या चित्रपटाचं नावच एका लाल रंगाचं आहे, त्यात तो लाल रंग एकदाही दिसत नाही, आणि शांता आपटेच्या कपाळावरून नजर मात्र हलत नाही.

त्याच १९५५ साली शांतारामबापूंचा 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलरमध्ये आला. लोकांनी तो डोक्यावर घेतला. त्यातली नृत्यं मीही आनंदाने पाहतो. पण तिथे सगळेच रंग एकदम बोलतात, आणि सगळ्यांनी एकदम बोललं की कुणाचंच ऐकू येत नाही. ही माझी आवड झाली. कुणाला पटली नाही तर माझी तक्रार नाही.

'ब्लॅक नार्सिसस' इंग्लंडमध्ये प्रदर्शित झाला तो १९४७ मध्ये, आपल्या स्वातंत्र्याच्या काही महिने आधी. नन मोपू सोडून निघतात, त्यात इंग्रजांचं इथून निघणं पुष्कळांना दिसलं आहे. कर्त्यांच्या मनात ते किती होतं, यावर वाद घालणारे घालतात. शेवटच्या दृश्यात त्यांचा तांडा डोंगर उतरतो. क्लोडा मागे वळून पाहते तर वाडा ढगांत नाहीसा होत असतो. चित्रपटाला यापुढे आणखी एक प्रसंग जोडायचं ठरलं होतं, कलकत्त्याच्या मठात क्लोडा आणि मदर सुपीरियर यांच्या भेटीचा. त्यात क्लोडा आपलं अपयश बोलून दाखवणार होती. पण तांडा निघतानाचा एक शॉट पॉवेलने पाहिला आणि तो पुढचा प्रसंग टाकून दिला. त्या शॉटमध्ये माणूस नाही. जवळून दिसणारी रुंद हिरवी पानं आहेत. त्यांवर पावसाचा एक थेंब पडतो, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी पानं भिजून जातात.